एक ‘ला’ कमी

“घोडी मेली?” सरांनी विचारलं.

मी कागदावरून मान वर केली. घोडी मेलेली नव्हती. निदान माझ्या समजुतीप्रमाणे ती तबेल्यात उभी होती आणि तिचा मालक, हायरम नावाचा एक अमेरिकन माणूस, हातात चामड्याचा पट्टा घेऊन तिच्यापुढं उभा होता. त्यांच्याकडं बर्फ पडत होता. आमच्याकडं, कोल्हापुरात राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत, मार्गशीर्षातलं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि पोह्यांच्या बशा विसळायच्या राहिल्या होत्या.

“नाही सर. उभी आहे की.”

“मग आत्ता काय वाचलंत तुम्ही?”

मी परत वाचलं. “‘हायरमनं घोडी मारली आणि दार लावून घेतलं.’”

“मी सांगितलं होतं, ‘हायरमनं घोडीला मारलं.’ तुम्ही एक ‘ला’ खाल्लात आणि जनावराचा जीव घेतलात. अजून निम्मं पुस्तक बाकी आहे, मालनबाई. आता उरलेली पानं हा माणूस बोलणार कुणाशी?”

मला हसू आलं. सरांनाही आलं असावं. त्यांचं हसू मिशीच्या एकाच कोपऱ्यात यायचं आणि तिथूनच परत जायचं.

चूक माझी एकटीची नव्हती. नेमकं तेवढ्यात बाईंनी माझा पदर ओढला होता. बाई म्हणजे सरांच्या पत्नी, शरयूबाई हेर्लेकर. एके काळी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि निम्मं गाव त्यांना घाबरून असायचं. मी त्यांना ओळखायला लागले तोवर त्यांच्या डोक्यातली गणितं, गाव आणि माणसं, सगळंच पुसलं गेलं होतं. बोलत नसत. नवऱ्याकडं बघत ते कपाटाकडं बघावं तसं. पदर ओढणं ही हाक होती की हाताचा नुसता चाळा, मला कधी कळलं नाही. मी आपली “आलो बाई” म्हणून उठायची.

आमच्या कागलकडच्या बायका स्वतःला “मी आलो, मी जेवलो” असंच म्हणतात. पहिल्या दिवशी दारातून “आलो सर” म्हणाले, तेव्हा सरांनी आतून विचारलं होतं, हे कोण गृहस्थ आलेत म्हणून. त्यांचे दोन्ही डोळे काचबिंदूनं नेले होते. त्यांची काय चूक?

मी त्या घरात लागले ती बाईंना सांभाळायला. सकाळी यायचं, दिवेलागणीला जायचं. लिहायचं काम पुढं आपसूक गळ्यात पडलं. सर जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवत आले होते, आणि एक जुनी अमेरिकन कादंबरी मराठीत आणायची हे त्यांनी मनाशी घेतलं होतं. एका विद्यार्थ्यानं सबंध कादंबरी वाचून कॅसेटींवर भरून दिली होती. सर टेप ऐकायचे, थांबवायला सांगायचे, मराठी वाक्य जुळवून सांगायचे, मी लिहायचे. माझी शाळा सातवीला सुटली. त्यापुढचं जे काही शिकले ते वाचनालयाच्या कपाटांतून, हाताला येईल तसं; म्हणजे ज्ञानकोशाचा ‘क’ मला येतो आणि ‘ख’ येत नाही, कारण तो खंड कुणीतरी परत केला नव्हता. सरांना ते चालायचं. त्यांचा नियम एकच होता. सांगितलं ते लिहायचं, लिहिलं ते वाचून दाखवायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

मला हे काम आवडायचं. माझा नवरा गोव्याला बोटीवर कामाला म्हणून गेला तो गेलाच. मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याची खूण नाही. कुंकू पूस असं सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून लावत राहिले. मंगळवार पेठेत एक खोली होती आणि खोलीत एक रेडिओ. संध्याकाळी मी रेडिओशी वाद घालायचे. तो ऐकून घ्यायचा नाही, आपलंच म्हणणं पुढं रेटायचा. पण माणसंही तेच करतात. सकाळी इथं आले की तोंडाला जरा काम मिळायचं, मग ते दुसऱ्याचं वाक्य त्यालाच परत ऐकवण्याचं का असेना.

तर ही कादंबरी. हायरम गोठलेल्या तळ्यावर बर्फाच्या लाद्या कापायचा आणि घोडीच्या गाडीवरून शहरात न्यायचा. एका हिवाळ्यात बर्फ फुटला. त्याचा धाकटा भाऊ गाडीसकट तळ्यात गेला आणि घोडी तेवढी गाडीचे पट्टे तोडून काठावर आली. अंग झटकलं, उभी राहिली. गावातला पाद्री म्हणाला, जनावराला आत्मा नसतो, म्हणून पापही नसतं, सोडून दे. गावातला डॉक्टर म्हणाला, जनावर म्हणजे किल्ली दिलेलं घड्याळ, घड्याळावर कोण रागावतं, सोडून दे. हायरमनं सोडलं नाही. घोडी विकली नाही, मारली नाही. रोज संध्याकाळी तबेल्यात जाऊन तो तिला एकच विचारायचा की तुला माहीत होतं का. घोडी चारा चघळायची.

सर सांगायचे, त्या काळातले तिकडचे सगळे मोठे लेखक ह्याच एका भिंतीवर डोकं आपटत होते. “त्या लोकांनी अख्खी जंगलं पाडली, जनावरांचे कळप संपवले, माणसं बाजारात उभी करून विकली. आणि मग निवांत बसल्यावर त्यांना घाम फुटला. आपण ज्याला हात लावला ते काय होतं, की कोण होतं?”

“काय की कोण,” मी म्हणाले.

“तेवढंच. बाकी सगळी पानं भरती.”

त्या दिवशी ‘ला’चं प्रकरण निघालं आणि सरांना मास्तरकी सुचली. ते म्हणाले, बघा, मराठी किती चलाख आहे. खुर्ची आणली म्हणतो, पण पाहुण्यांना आणलं म्हणतो. पुस्तक पाहिलं, पण मालनबाईंना पाहिलं. नुसत्या वस्तूला हा ‘ला’ किंवा ‘ना’ लागत नाही.

“आत्ता लावलात की. ‘वस्तूला’ म्हणालात.”

“तो ‘ला’ वेगळा. मध्ये बोलू नका.”

ते पुढं म्हणाले की माणूस घरात आहे, वस्तू बाहेर आहे आणि जनावर उंबऱ्यावर उभं आहे. त्याला आत घ्यायचं का, ते बोलणाऱ्यानं ठरवायचं. ‘म्हैस पाहिली’ म्हणजे बाजारात पाहिली, दात मोजले, पुढं गेलो. ‘म्हशीला पाहिलं’ म्हणजे काय?

“म्हणजे तिनंपण बघितलं,” मी म्हणाले.

सरांनी टेप मागं घ्यायला सांगितली, पार पहिल्या प्रकरणापर्यंत. त्यांची अडचण मला तेव्हा समजली. इंग्रजीत ती घोडी पुस्तकभर ‘इट’ आहे, दगडधोंड्यासारखी. फक्त शेवटच्या प्रकरणात हायरमच्या तोंडून पहिल्यांदा ‘शी’ निघतं, आणि तिथं वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मराठीत काय करायचं? आपल्याकडं घोडी पहिल्यापासूनच ‘ती’. खुर्चीसुद्धा ‘ती’, पळीसुद्धा ‘ती’. ‘ती’ म्हटल्यानं कुणाला काही वाटत नाही. सरांना आता वाट सापडली होती. सबंध पुस्तकात घोडीला ‘ला’ द्यायचा नाही. शेवटी एकदाच द्यायचा.

मग आम्ही ‘ला’ वेचायला बसलो, तांदळातले खडे वेचावेत तसे. ‘घोडीला चारा घातला’ होतं तिथं ‘घोडीपुढं चारा टाकला’ केलं. ‘घोडीला ओढत आणलं’चं ‘घोडी ओढत आणली’. काही वाक्यं ऐकेनात, ती मोडून पुन्हा बांधली. सकाळ-दुपार तेच. जिभेला इतकी सवय झाली की शेजारच्या कुलकर्णीकाकूंना मी कुंपणावरून म्हणाले, “तुमची सून पाठवा जरा.” सून म्हणजे वाटीभर साखर असल्यासारखं. काकूंनी पाठवली नाही.

त्याच आठवड्यात बाईंनी सरांना मारलं.

दुपारची वेळ. मी कणीक मळत होते. बाई पलंगावर बसल्या होत्या, हातात पाण्याचं पितळी फुलपात्र. त्यांची शाल खांद्यावरून घसरली होती का ते बघायला सर चाचपडत वाकले, आणि बाईंनी फुलपात्र सरांच्या कपाळावर हाणलं. आवाज ऐकून मी पिठाच्या हातांनी धावले. सर जमिनीवर बसले होते, भुवईतून रक्त गळत होतं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

डॉक्टर कित्तुरे घरी येऊन टाके घालून गेले. जाताना म्हणाले, मनाला लावून घेऊ नका सर, त्यांना काही कळत नाही, तुमच्या जागी दार असतं तरी मारलं असतं. सरांनी विचारलं, “कशावरून?” डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्या दिवशी टेप लागली नाही. पट्टी बांधलेलं डोकं भिंतीला टेकून सर बसून राहिले. चहा नको म्हणाले. मग एकदम म्हणाले, “मालनबाई, मारण्याआधी तिनं माझ्याकडं पाहिलं होतं?”

“मी आत होते सर.”

“नेम धरला असेल, की नुसता हात फिरला असेल?”

“कसं सांगू?”

“पाहून मारलं असेल तर बरं.”

मार आतपर्यंत लागला की काय, असं मला वाटलं. पण त्यांचा आवाज शांत होता. ते पलंगाकडं तोंड करून बोलत होते. बाई तिथं नव्हत्या, केव्हाच उठून उन्हात जाऊन बसल्या होत्या. मी सरांना ते सांगितलं नाही.

“गाव म्हणतं, हायरम घोडीवर डूख धरून आहे,” सर म्हणाले. “पण डूख कुणावर धरतात? दगडावर कुणी धरत नाही. घोडीनं समजून-उमजून बुडवलं असं ठरलं, तरच तिच्या आत कुणीतरी आहे असं ठरतं. नाहीतर भाऊ नुसत्या थंडीनं गेला, आणि हा उरला एका घड्याळाबरोबर. त्याला ती गुन्हेगार हवी आहे, मालनबाई. म्हणजे निदान सोबत तरी होईल.”

मी फडकं घेऊन फरशीवरचं रक्त पुसत राहिले.

“हिनं रागानं मारलं असेल, तर ही आहे अजून,” ते म्हणाले. “आणि रागाला कारणं पुष्कळ आहेत. तेवढी मी देऊन ठेवलेली आहेत.”

शनिवारी अजेय आला. सरांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत नोकरीला. डॉक्टरांनीच त्याला फोन केला होता. गाडी दारात लावली, पण बराच वेळ उतरला नाही. मी खिडकीतून बघत होते. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोरच्या भिंतीकडं बघत बसला होता.

पुण्याच्या पुढं एक संस्था त्यानं बघून ठेवली होती. झाडं होती, नर्सबाया होत्या, रोज डॉक्टर यायचे. तो सगळं सरांना नीट सांगत होता, आवाज न चढवता. सर म्हणाले, विचार करतो. दुपारी मी भांडी घासत होते, तर अजेय येऊन फडक्यानं ताटं पुसायला लागला. मी नको म्हणाले, त्यानं ऐकलं नाही.

“मावशी, तुम्ही दिवसभर तिच्याजवळ असता. मला खरं सांगा. आहे का कुणी आत?”

सगळेच त्या आठवड्यात मला तेच विचारत होते. जणू बाईंची किल्ली माझ्या कमरेला होती. मी मला दिसलं होतं तेवढं सांगितलं. मी आधी घास खाल्ला तर बाई खातात. उन्हात शांत असतात. आरशावर चादर टाकली नाही तर ओरडतात. ह्यातलं समजून किती आणि उगीच किती, ते मला सांगता येणार नाही.

तो म्हणाला, मागच्या दिवाळीला आला तेव्हा आई त्याला चोर समजून किंचाळली होती. मिठाईचा पुडा हातात घेऊन तो अंधार पडेपर्यंत व्हरांड्यात उभा होता. “तेव्हापासून मी इथं येतो तो बाबांना भेटायला. आईला चुकवून जातो येतो. आईचं नाव निघालं की मी विषय बदलतो, मावशी, आणि मला स्वतःची लाज वाटते.”

ताट केव्हाच कोरडं झालं होतं. तो पुसतच होता.

मी कुणाच्या बाजूची होते, असं विचाराल तर बाई राहाव्यात असं मला वाटत होतं. पण त्यात बाई किती आणि माझी मंगळवार पेठेतली खोली किती, हे मी तेव्हा वेगळं काढायला गेले नाही. बाई गेल्या की सरही मुलाकडं जाणार, हे उघड होतं. मग हायरम, घोडी आणि मी, तिघंही रस्त्यावर.

रविवारी सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. बापलेक समोरासमोर बसले होते आणि रात्रभर हेच चाललं असावं असे दोघांचे चेहरे होते. बाई खिडकीशी.

अजेय म्हणत होता, उद्या डोळ्याला लागलं तर. सर म्हणाले, डोळे आहेत कुठं लागायला. मग अजेयनं ते वाक्य टाकलं. “मावशी संध्याकाळी घरी जातात, बाबा. रात्री तुम्ही दोघंच. तुम्हाला दिसत नाही, तिला कळत नाही. गॅस सुरू राहिला, दार उघडं राहिलं, तर कोण कुणाला वाचवणार?”

खरंच होतं ते. सर पट्टीवरून बोट फिरवत राहिले. बाहेर गुळाच्या ढेपांनी भरलेली एक ट्रॉली गेली, वास आत आला, वास विरूनही गेला.

“बरं,” सर म्हणाले. “उद्या आई घेऊन जा.”

अजेयनं मोठा श्वास सोडला. तो उठून सरांच्या जवळ जाणार, तेवढ्यात सरांनी हात वर केला. मान थोडी कलती केली. टेपवर एखादा शब्द निसटला की ते अशीच मान करायचे.

“मालनबाई.”

“सर.”

“परत वाचा.”

“कागद नाही सर.”

“तरी वाचा.”

दुसऱ्याचं वाक्य परत ऐकवणं माझ्या रोजच्या कामाचं होतं. त्या सकाळइतकं जड मला ते कधी गेलं नाही. “‘बरं,’” मी म्हणाले. “‘उद्या आई घेऊन जा.’”

“असंच म्हणालो?”

“असंच.”

“काय झालं, बाबा?” अजेय विचारत होता, एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत. “घेऊन जातो म्हटलं ना मी.”

सरांनी ओठ ओले केले. “आईला,” ते म्हणाले. थांबले. “आईला उद्या.” पुन्हा थांबले. परीक्षेत पाठ केलेली कविता आठवत नाही तेव्हा पोरं जशी मागून पळत येऊन उडी मारू बघतात, तसं त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवातीपासून धरलं, आणि तिसऱ्यांदाही ते तिथंच अडले. मग अगदी हळू म्हणाले, “नाही येत. ‘आईला’ म्हटलं की पुढचं तोंडातून निघत नाही.”

अजेयला ह्यातलं काही कळलं नसावं. पण बापाचा असा चेहरा त्यानं पूर्वी पाहिला नव्हता, एवढं कळलं. तो खाली बसला.

“तू तिला विचारलंस?” सरांनी विचारलं.

“काय विचारायचं, बाबा? तिला—”

“विचारलंस का?”

“नाही.”

“मीही नाही विचारलं. डॉक्टरांना विचारलं, तुला विचारलं, ह्या मालनबाईंना छळलं. हिचं काय करायचं ते सगळ्यांना विचारत सुटलो. हिला सोडून.”

ते उठले. वाटेतल्या स्टुलाला पाय लागला, मी पुढं झाले, त्यांनी हातानंच थांबवलं. खिडकीशी गेले, बाईंच्या खुर्चीचा हात चाचपला आणि तिथंच जमिनीवर बसले. कपाळ पुन्हा फुलपात्राच्या टप्प्यात येईल इतक्या जवळ.

“शरयू,” ते म्हणाले. “अजेय तुला पुण्याच्या पुढं एका ठिकाणी घेऊन जायचं म्हणतोय. जागा बरी आहे. मी तिथं नसेन. जायचंय तुला?”

बाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. हलणाऱ्या ओठांकडं पाहिलं असावं. ओठ थांबल्यावरही बघत राहिल्या. मी त्या घरात आल्यापासून सरांनी त्यांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ते ‘ही’ म्हणायचे, ‘हिला औषध दिलं का’ म्हणायचे, माझ्याशी बोलायचे. आता ते गप्प बसून राहिले होते. आपण समोरच्याला प्रश्न विचारला की जेवढा वेळ थांबतो तेवढे थांबले, मग त्याहून जास्त, मग इतके की अजेय उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. शेजारी कुणीतरी गालिचा झटकत होतं. बाईंनी खिडकीकडं तोंड वळवलं.

“काय करतेय ती?” सरांनी विचारलं.

“बाहेर बघायला लागल्या.”

“म्हणजे उत्तर नाही आलं.”

“येणार नाही, बाबा,” अजेय म्हणाला. “कधीच येणार नाही.”

“मग थांबू,” सर म्हणाले. “विचारलंय तर उत्तर येईपर्यंत थांबायला हवं. ती रीत आहे.”

अजेयनं कपाळाला हात लावला. “आणि रात्री?”

कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि खोलीत बोलू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. “रात्रीचं मी राहतो हितं,” मी म्हणाले. “माझा रेडिओ तेवढा आणायला लागंल.”

सरांच्या मिशीचा कोपरा हलला.

वाद तेवढ्यावर संपला असं नाही. अजेय म्हणाला, महिनाभर बघू, मग पुन्हा बोलू. त्याच्या बोलण्यातून दिसत होतं की महिन्यानं गाडी पुन्हा दारात येणार आणि तेव्हा तो कुणाचं ऐकणार नाही. त्याचंही चुकत नव्हतं. कुणाचंच चुकत नव्हतं, हीच तर त्या घराची अडचण होती.

दुपारी मी सगळ्यांना वाढलं. आमटी-भात, मेथीची भाजी. बाईंना त्या दिवशी भरवावं लागलं नाही. मी समोर बसून खाल्लं, ते बघून त्या स्वतःच्या हातानं जेवल्या, सांडत-लवंडत पण जेवल्या. अजेयला अंधार पडायच्या आत पुणं गाठायचं होतं. त्यानं बॅग उचलली, सरांच्या पाया पडला, आणि मग दारापर्यंत जाऊन परत फिरला.

तो आईकडं गेला. दिवाळीपासून जिला चुकवत होता तिच्यापुढं, जेवणाच्या पाटाशीच, तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिच्या पावलांवर डोकं ठेवलं. किंचाळल्या तर काय करायचं, ह्याचा विचार करत मी आमटीचं भांडं उचलून मागं सरकवलं.

बाईंनी खाली पाहिलं. मग उजवा हात त्याच्या केसांवर ठेवला. सबंध पंजा ठेवला. आणि हळूहळू मागं-पुढं फिरवला, बोटं पसरून, केसांत घालून, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग हात वर घेऊन उजेडात धरला, उलटा-सुलटा करून नीट बघितला, स्वच्छ झाला असं वाटलं तेव्हा मांडीवर ठेवला.

मी अगदी समोर होते. अजेयच्या केसांत आमटी होती, आणि कानाच्या वर भाताची दोन-तीन शितं.

त्याची पाठ हुंदक्यांनी हलत होती. तो उठत नव्हता.

“मालनबाई,” सर आपल्या पाटावरून म्हणाले. त्यांना आवाजावरून काहीतरी कळलं होतं. “काय झालं? काय केलं तिनं?”

आपल्या पदरचं घालायचं नाही, हा त्यांचा नियम होता. मी घातलं नाही.

“बाईंनी अजेयदादांच्या डोक्यावरनं हात फिरवला, सर.”

ताटावरचा सरांचा हात तसाच राहिला. बाई बोटं मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि मुलाकडं बघत होत्या. कशा ते मला सांगता येत नाही. पुष्कळदा आठवून बघितलं. त्यांच्या खांद्यावर पदर होता, पाटाशेजारी ओलं फडकं होतं. ते सगळं हाताशी असून त्यांनी ते घेतलं नाही, एवढं मात्र मी सांगू शकते.

अजेयला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. त्याचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा दिवाळीपूर्वीचा असावा तसा मोकळा झाला होता. महिन्याचं तो काही बोलला नाही. गाडीचं दार उघडून म्हणाला, पुढच्या रविवारी येतो, मावशी, आईसाठी काय आणू. मी म्हणाले, संत्री आणा, संत्री खातात.

ऊन त्याच्या डोक्यावर पडलं होतं आणि शितं चमकत होती. पुण्यापर्यंतची वाट, मध्ये कुठं चहाला थांबेल, लोक बघतील. मला राहवलं नाही.

“पोचलात की डोकं धुऊन टाका,” मी म्हणाले. “रस्त्याची धूळ असते.”

त्यानं हात वर नेला, केसांना लावायचा म्हणून, आणि लावायच्या आधीच थांबवला. हात तसाच खाली घेतला, जपून, भरलेली वाटी खाली ठेवावी तसा.

“आज राहू दे, मावशी,” तो म्हणाला, आणि गाडीत बसला.